परसबाग, घराचा आनंद आणि आईचे ताट

मोगल अमदानीत नाशिकला गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे शहर, असे नाव होते. पेशवाईत शहराला त्याचे जुने नाव पुन्हा मिळाले. बागांशी जडलेले नाते मात्र कायम राहिले. निफाड-दिंडोरीची द्राक्षे, लासलगावचा कांदा, गोदाकाठचा भाजीपाला यांमुळे या जिल्ह्याची कीर्ती दूरवर पोचली आहे. या मोठ्या बागायतीचा हिशेब बाजार समित्यांच्या दप्तरांत सापडतो. परंतु जिची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, अशी आणखी एक बाग नाशिकच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे. ती म्हणजे घराची परसबाग.

या बागेने घराला भाजी दिली, देवाला फुले दिली आणि मुलांना मातीची ओळख करून दिली. तिचा सांभाळ बहुधा घरातील आईने किंवा आजीने केला. म्हणूनच परसबागेचा विचार करताना केवळ झाडांचा विचार करून भागत नाही. ती सांभाळणाऱ्या मातेच्या ताटात त्या बागेतील किती भाग पडतो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

वाड्यामागचा परस

जुन्या नाशकातील वाड्यांची रचना पाहिली, तर घर आणि झाडे यांचा संबंध किती निकटचा होता हे ध्यानात येते. पुढे चौक, चौकात तुळशीवृंदावन आणि मागे परस. परसात विहीर किंवा आड, त्याच्या जवळ कपडे धुण्याचा दगड आणि नहाणी. नहाणीचे पाणी वाया न जाता केळीच्या आणि अळूच्या आळ्यात जाई. कडेला शेवगा, कढीपत्ता, लिंबू आणि पेरू. कुंपणावर दोडका किंवा वालाचा वेल. फुलांसाठी जास्वंद, तगर, मोगरा आणि पारिजातक. सांडपाण्याचा, केरकचऱ्याचा आणि चुलीतील राखेचा असा बंदोबस्त घरातल्या घरात होई.

जिल्ह्याच्या पश्चिम भागात, सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांत, परसाचे रूप वेगळे आहे. येथे पाऊस भरपूर आणि शेत उताराचे. नागली आणि वरई ही येथील पिके. घराच्या छपरावर भोपळ्याचा वेल चढतो, कुडाच्या भिंतीलगत वाल आणि घेवडा वाढतो, आणि पावसाळ्याच्या आरंभी रानातील भाज्या त्यात भर घालतात. पूर्वेकडील येवला, नांदगाव या कमी पावसाच्या तालुक्यांत पाणी जपून वापरावे लागत असल्याने शेवगा, कढीपत्ता, लिंबू अशी चिवट झाडे परसात अधिक उपयोगी पडतात. एकाच जिल्ह्यात परसबागेचे असे अनेक प्रकार पाहावयास मिळतात, आणि प्रत्येक प्रकारामागे तेथील गृहिणीचे अनुभवाने आलेले शहाणपण असते.

मातृस्मृतींचे नाशिक

आई आणि तिच्या आठवणी यांना नाशिकच्या इतिहासात एक आगळे स्थान आहे. शहराजवळील पांडवलेण्यांतील क्रमांक तीनच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील हा लेख तिचा नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरला गेला. त्यात ती स्वतःची ओळख राजाची माता आणि राजाची आजी अशी करून देते आणि आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचे गुण वर्णन करते. त्याच्या पराक्रमाबरोबरच त्याने मातेची अखंड सेवा केली, याचीही नोंद त्या लेखात आवर्जून केलेली आहे. साम्राज्याचा इतिहास सांगताना मुलाची मातृसेवा विसरू न देणारा हा लेख म्हणजे एका आईने दगडात जपलेली आठवणच होय.

यानंतर अठरा शतकांनी याच नाशकात एका मुलाने आपल्या आईच्या आठवणी लिहिल्या. स्वातंत्र्यलढ्यातील कारावासात असताना साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिले. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी सुरू झालेले हे लेखन १३ फेब्रुवारी रोजी पुरे झाले. अवघ्या पाच दिवसांत लिहिलेल्या या पुस्तकाने महाराष्ट्रातील अनेक पिढ्या घडविल्या. त्यावर आचार्य अत्रे यांनी काढलेल्या १९५३ च्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

या पुस्तकातील घर कोकणातील असले, तरी त्यातील शिकवण कोणत्याही मराठी घरास लागू पडते. ‘मुकी फुले’ या प्रकरणात कळ्या झाडावरून आधीच खुडून नेणाऱ्या मुलाला, फुलाला झाडावर उमलू द्यावे, असे आई समजावते. झाडाकडे कसे पाहावे याचा हा पहिला धडा आहे. ‘अळणी भाजी’ या प्रकरणात भाजीत मीठ घालावयाचे राहून जाते. वडील एक शब्दही न बोलता जेवून उठतात. कष्ट करणारीचे मन दुखवू नये हा त्यामागचा भाव. भाजी अळणी झाल्याचे आईला कळते ते सर्वांच्या मागून ती स्वतः जेवावयास बसते तेव्हा. हा प्रसंग दुसऱ्याचे मन जपण्याची शिकवण देणारा म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्यात आणखी एक गोष्ट न सांगता सांगितली गेली आहे. घरातील आई सर्वांच्या शेवटी जेवत होती, आणि त्यात कोणालाही काही वेगळे वाटत नव्हते.

सण, व्रते आणि परस

परसबागेचे महत्त्व आपल्या पूर्वजांनी सणावारांतही गुंफले आहे. भाद्रपदातील ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे धान्य खावयाचे नाही, असा रिवाज आहे. त्या दिवशीची भाजी घराच्या परसात हाताने लावलेल्या अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, मक्याची कणसे अशा जिन्नसांची केली जाते. वर्षभर राबणाऱ्या बैलाविषयीची कृतज्ञता आणि पावसाळ्यात परसात येणाऱ्या भाज्यांची ओळख या दोन्ही गोष्टी या एका भाजीत साधल्या जातात. मंगळागौरीच्या पूजेसाठी गोळा करावयाच्या पत्रींमुळे नव्या नवरीला आपल्या सासरच्या परिसरातील झाडांची माहिती होते.

मातृत्वाच्या वाटेवरही परसाची सोबत असते. डोहाळजेवणाला गर्भवतीला हिरवी साडी नेसवून फुलांनी सजवितात. बाळंतिणीच्या आहारात शेपू, मेथी आणि शेवग्याचा पाला यांना घरोघरी मान असतो. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू यांच्या जोडीला परसातील ताजी पालेभाजी ताटात असावी, असा अनुभवी स्त्रियांचा आग्रह असतो. पुढे मूल रांगू लागले की त्याच परसात ते मातीत हात घालते, गांडूळ पाहून चकित होते आणि आईच्या मागे मागे चालत झाडांची नावे शिकते. मोठेपणी माणसाला बालपण आठवते तेव्हा पहाटे अंगणात पडलेल्या पारिजातकाचा सडा किंवा आजीच्या हाताचा कढीपत्त्याचा वास त्याच्या मनात प्रथम येतो, याचे कारण हेच असावे.

आईच्या ताटात काय पडते?

या गोड आठवणींबरोबरच एका कठोर वास्तवाकडे दुर्लक्ष करता येत नाही. २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांत हे प्रमाण ६८.९ टक्के होते. म्हणजे राज्यातील निम्म्याहून अधिक माता आणि होऊ घातलेल्या माता अशक्तपणाने ग्रासलेल्या आहेत, आणि त्यांच्या मुलांची स्थिती अधिकच चिंताजनक आहे.

रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. आहारातील लोहाची कमतरता, जंत, वारंवार होणारी बाळंतपणे, कोवळ्या वयातील विवाह ही त्यांतील काही. यात घरातील एका जुन्या सवयीची भर पडते. आई सर्वांना वाढते आणि उरलेल्यावर भागवते. भाकरी पुरते, पण भाजी संपलेली असते. भाजी महाग झाली की सर्वांत आधी तिच्याच वाट्याची भाजी कमी होते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात दिवसाकाठी सुमारे ४०० ग्रॅम भाजीपाला आणि १०० ग्रॅम फळे आहारात असावीत, असे सुचविले आहे. बाजारातून विकत आणून हे प्रमाण गाठणे अनेक कुटुंबांना परवडत नाही. परसबाग सगळी गरज भागवू शकत नसली, तरी ताज्या पालेभाजीची गरज बऱ्याच अंशी भागवू शकते. शेवग्याचा पाला, राजगिरा, माठ, चवळई, मेथी, पालक या भाज्यांतून लोह आणि अ जीवनसत्त्व पोटात जाते. मात्र पालेभाजीतील लोह शरीरास सहजासहजी मिळत नाही. जेवताना तिच्यावर लिंबू पिळले, किंवा सोबत पेरू, आवळा, टोमॅटो असला, तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण चांगले होते. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास ते कमी होते. म्हणून परसात पालेभाजीच्या वाफ्याशेजारी लिंबाचे झाड असणे ही योजना शास्त्राला धरूनच आहे. पालेभाजी शिजविताना थोडे तेल वापरावे. त्यामुळे अ जीवनसत्त्व अंगी लागते.

येथे एक खबरदारी सांगणे आवश्यक आहे. गर्भवती मातेस परसबागेतील भाजी पोषक असली, तरी ती औषधाची जागा घेऊ शकत नाही. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी रोज घ्यावी, असे शासनाचे मार्गदर्शन आहे. अंगणवाडी आणि आरोग्य केंद्रांतून या बाबतचा सल्ला मिळतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी गावोगावी पोचली. आज अनेक अंगणवाड्यांच्या आवारात पोषण वाटिका दिसतात, आणि ‘उमेद’ अभियानातील बचत गटांच्या स्त्रियाही आपल्या घराजवळ पोषण परसबागा फुलवीत आहेत.

उतरंडीतील बियाणे

परसबागेचा प्राण तिच्या बियाण्यात असतो. पूर्वी वेलावरचे पहिले जोमदार फळ तोडले जात नसे. ते बियाण्यासाठी पिकू देत. बी काढून उन्हात सुकवावयाचे, राखेत घोळवावयाचे, मडक्यात भरून त्याचे तोंड शेणमातीने लिंपावयाचे आणि मडके उतरंडीत ठेवावयाचे, हे काम घरातील वडीलधारी स्त्री करी. मुलगी सासरी जाताना तिच्याबरोबर घेवड्याचे किंवा भोपळ्याचे बी जाई. अशा रीतीने एका गावचे वाण दुसऱ्या गावी पोचत आणि माहेरची चव सासरच्या चुलीवर शिजत असे.

ही परंपरा आज क्षीण होत आहे. ती टिकविण्याचे मोठे कार्य नाशिक जिल्ह्यास लागूनच असलेल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी केले आहे. शाळेत जाण्याची संधी न मिळालेल्या राहीबाईंनी गावठी भाज्या, कडधान्ये आणि भात यांची वाणे जतन केली. घरातील नातवाच्या आजारपणामुळे आपण गावठी वाणांकडे वळलो, असे त्या सांगतात. त्यांच्या बियाणे बँकेस ‘बायफ’ या संस्थेचे साहाय्य लाभले. बीजमाता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राहीबाईंना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नातवाविषयीच्या मायेतून परसात सुरू झालेले काम देशाच्या कृषी संपत्तीच्या रक्षणापर्यंत कसे पोचू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

सदनिकेतील परसबाग

७ नोव्हेंबर १९८२ रोजी महानगरपालिका स्थापन झाल्यानंतर नाशिक झपाट्याने वाढले. सातपूर, अंबड येथील कारखान्यांमुळे कामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. अनेक वाड्यांच्या जागी इमारती आल्या. परस गेला, मात्र गॅलरी, गच्ची आणि खिडकीची कड शिल्लक राहिली. तेवढ्या जागेतही बाग करता येते.

सर्वांत आधी जागेवर ऊन किती वेळ पडते, ते पाहावे. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी यांना दिवसाचे सहा तास ऊन हवे. पालेभाज्यांना चार तासांचे ऊनही चालते. मेथी, कोथिंबीर, पालक यांसाठी वीतभर खोलीचे पसरट भांडे पुरते. टोमॅटो-वांग्यासाठी हातभर खोल कुंडी असावी. जुने डबे, बादल्या, गोणपाटाच्या पिशव्या यांचा उपयोग करता येतो. तळाशी पाणी निथळण्यासाठी भोके मात्र अवश्य ठेवावीत. गच्चीवर बाग करताना गळतीची आणि वजनाची काळजी घ्यावी. मातीत चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडा नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळल्यास कुंडी हलकी राहते आणि ओलही टिकते.

लागवड ऋतुमानाप्रमाणे करावी. पावसाळ्यात भेंडी, गवार, दोडका, कारले, काकडी, चवळी आणि अळू घ्यावे. नाशिकची थंडी मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा आणि टोमॅटो यांना मानवते. उन्हाळ्यात चवळई, राजगिरा, माठ आणि गवार ही पिके तग धरतात. मेथी साधारण एका महिन्यात काढणीस येते. म्हणून सगळे बी एकदम न पेरता दर दहा-पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरावे, म्हणजे भाजी सतत मिळत राहते. ज्यांच्या घरापुढे थोडी मोकळी जमीन आहे, त्यांनी एक द्राक्षवेल मांडवावर चढविण्यास हरकत नाही. शेतातील वेलाप्रमाणेच घरच्या वेलाचीही वर्षातून दोनदा, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करावी लागते.

स्वयंपाकघरातील भाजीची देठे, साली आणि वाळलेला पाला एका झाकणाच्या डब्यात थरांनी साठवावा आणि त्यात मूठभर जुने खत किंवा माती टाकत जावे. दोन-तीन महिन्यांत त्याचे चांगले खत होते. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी कुंड्यांना घालावे. साबणाचे पाणी भाज्यांना घालू नये. मावा आणि तत्सम किडींवर निंबोळी अर्क उपयोगी पडतो. अधिक माहिती हवी असल्यास नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या कृषिविज्ञान केंद्राकडे आणि कृषी विभागाच्या कार्यालयांकडे चौकशी करता येईल.

सर्वांचा हात, सर्वांचे ताट

परसबाग ही आईच्या डोक्यावरील आणखी एका कामाची भर ठरता कामा नये. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि वडीलधाऱ्यांची सेवा या सर्वांनंतर कुंड्यांना पाणी घालण्याचे कामही तिच्याच वाट्याला आले, तर बागेचा आनंद उरणार नाही. म्हणून कामाची वाटणी करावी. कुंड्या उचलणे, माती भरणे, मांडव घालणे ही अंगमेहनतीची कामे वडिलांनी आणि मोठ्या मुलांनी करावीत. रोजचे पाणी लहान मुलांकडे सोपवावे. बियाणे निवडणे, ते केव्हा पेरावे हे सांगणे, हा मान आजी-आजोबांना द्यावा. स्वतः पेरलेल्या मेथीचे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येणारे कोंब पाहून मुलांना होणारा आनंद बाजारातील कोणत्याही खेळण्याने मिळत नाही, आणि एरवी ताटात बाजूला सारलेली भाजी तीच मुले आवडीने खातात.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी आणि तरीही अधिक अवघड आहे. संध्याकाळी सर्व कुटुंबाने एकत्र जेवावयास बसावे. पालेभाजी वाढताना आईचे ताट आधी वाढावे. ती गर्भवती असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर अधिक वाढावी. यासाठी पैसा लागत नाही, जागा लागत नाही, फक्त जुनी सवय मोडावी लागते.

राजमाता बलश्रीची आठवण डोंगरातील दगडावर टिकली, श्यामच्या आईची आठवण पुस्तकाच्या पानांत टिकली. सामान्य घरातील आईची आठवण तिने लावलेल्या शेवग्यात, तिने राखेत जपलेल्या बियाण्यात आणि तिच्या हातच्या भाजीच्या चवीत टिकून राहते. ती आठवण तिच्या पश्चात जपणे चांगलेच आहे. परंतु ती हयात असताना, तिने फुलविलेल्या बागेतील पहिला घास तिच्या मुखी जावा, याची काळजी घरातील प्रत्येकाने घेतली, तर मातेची खरी सेवा घडेल आणि घरही खऱ्या अर्थाने हिरवे होईल.